विस्तव न लागलेला रस

मनी आत आली ती कुणाकडे न बघता सरळ बेसिनपाशी गेली आणि हात धुवायला लागली. साबण लावला, धुतले, पुन्हा साबण लावला. मास्तरीणबाई टेबलाशी बसून चर्चच्या सभागृहातल्या खाटांसाठी जुन्या चादरी फाडत होत्या. साथ सुरू झाल्यापासून लेकीने आरोग्यखात्याच्या प्रयोगशाळेतच मुक्काम ठोकला होता. ती अशी भर दुपारी घरी उगवली म्हणजे काहीतरी झालं होतं. त्यांनी हातातली चादर खाली ठेवली.

"जेवलीस का?"

"आत्या कुठे आहे?"

"कुठे असणार? पलीकडे, मनुका पिळतेय. ऐकू येत नाही?"

ऐकू येत होतं. पाळकांचं घर आणि चर्च यांच्या मधे फरशीचं छोटं अंगण होतं. त्याच्या पलीकडे मंडळीचं स्वयंपाकघर. तिथल्या खिडकीतून पाळकांच्या थोरल्या बहिणीचं, आक्कांचं, गाणं येत होतं. प्रभुभोजनाचा, म्हणजे उपासनेत प्याल्यातून सगळ्यांना द्यायचा, रस काढताना त्या नेहमी हेच गीत म्हणत आणि नेहमी शेवटच्या ओळीला घसरत. त्यांचे धाकटे भाऊ, नाना, पियानो सुरात लावायचं काम करायचे आणि चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे. ते म्हणायचे, "आमच्या आक्काचा विश्वास अगदी सुरात आहे. गळ्याचं काय ते बघा."

"बाबांना बोलव. काका आलाय ना दवाखान्यातून? त्यालाही. आणि ती खिडकी लाव."

"अगं, उकडतंय किती!"

"आई, खिडकी लाव."

पाळकसाहेब चष्मा कपाळावर चढवून आले, उद्याच्या प्रवचनातच अजून गुंतलेले. नाना शेजारच्या खोलीत आडवे झाले होते. त्यांच्या गालावर उशीच्या सुरकुत्या उमटल्या होत्या. त्यांची बायको, घरातली धाकटी सून, आठवडाभर मोठ्या दवाखान्यात तापाने पडून होती आणि नानांच्या रात्री तिथल्या बाकावर जात होत्या.

"काय मनुताई," खुर्ची ओढत नाना म्हणाले, "जंतूंनी आज सुट्टी दिली वाटतं तुम्हाला?"

मनी हसली नाही. ती बसलीही नाही.

"ताप कुठून येतोय ते कळलं. दुसऱ्या वेळेचा."

पहिल्या वेळी तो कुठून आला हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. गटाराचं पाणी पिण्याच्या पाइपात शिरलं आणि टायफॉइड गल्लीबोळांत पसरला. दुकानं बंद झाली, शेजारी शेजाऱ्याला टाळायला लागला. तेव्हा पाळकसाहेबांनी व्यासपीठावरून सांगितलं होतं, "आजार दारं बंद करतो. आपण उघडायची." आणि खरंच उघडली. सभागृहात खाटा पडल्या. कुठल्याही घरचा माणूस येवो, आक्का त्याचं अंग पुसत, त्याला भरवत, त्याच्या खाटेशी सतरंजी टाकून झोपत. एरवी महिन्यातून एकदा होणारं प्रभुभोजन पाळकसाहेबांनी रोजचं केलं. आजाऱ्यांकडे आणि धडधाकट माणसांच्या घरीही ते संध्याकाळी स्वतः प्याला घेऊन जात. ज्यांनी घेतला त्यांच्यापैकी कित्येक दिवस कुणालाही कणकणसुद्धा आली नाही. ही गोष्ट वाऱ्यासारखी पसरली. कधी चर्चची पायरी न चढलेले लोकही दारात उभे राहून प्याला मागायला लागले.

मग पाइप बदलला, खाटा रिकाम्या होत आल्या आणि सगळं आवरलं असं वाटत असताना ताप परत आला. या वेळी तो नेमका मंडळीच्याच घरांत शिरला. धाकटी आजारी पडली. दर्जीणबाईंचा तरणाताठा मुलगा गेला. पाळकसाहेब म्हणाले, ही आपली परीक्षा आहे. म्हणूनच उद्या सकाळी सगळ्या वस्तीला बोलावून मोठी उपासना ठेवली होती. जो येईल त्याला प्याला मिळणार होता. आक्का सकाळपासून पातेल्यामागून पातेली पिळत होत्या.

"पाण्याचे सगळे नमुने चांगले आले," मनी म्हणाली. "मग मी, आजारी पडण्याआधी या लोकांनी सगळ्यांनी मिळून काय घेतलं होतं, ते शोधत बसले. एकच गोष्ट निघाली. परवा तुमच्या बाटलीतून थोडा रस नेला होता, बाबा, आठवतं?"

"तू म्हणालीस चव बघायचीय."

"खोटं बोलले. त्यात टायफॉइडचे जंतू आहेत."

पाळकसाहेबांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला, जणू मनी नीट दिसत नव्हती.

"प्याल्यात?"

"रसात."

"अगं पण ज्यांनी घेतला ते तर बरे राहिले!" नाना म्हणाले. "सगळ्या वस्तीने पाहिलंय ते!"

"काका, हा ताप पोटात गेल्या गेल्या दिसत नाही. एक आठवडा, दोन, कधी तीनसुद्धा. आपण म्हणत होतो प्याला त्यांना सांभाळतोय. तेव्हा तो त्यांच्या अंगात वाढत होता."

बंद खिडकीच्या काचेतून आक्कांचं गाणं बारीक होऊन येत राहिलं.

मास्तरीणबाईंच्या मनात आलं ते अगदी साधं होतं: मनुका. कुठल्या दुकानातून आणल्या, कधी आणल्या, कुणी धुतल्या. तसं त्यांनी विचारलंही.

"मनुका नाही, आई." मनीचा आवाज पहिल्यांदाच हलला. "स्वयंपाकघरात काम करणाऱ्या सगळ्यांचे नमुने घेतले होते ना मी? आत्याने डबी हातात घेऊन किती थट्टा केली माझी. 'एवढं शिकलीस ते हे मागायला?' म्हणाली. बाकी सगळे स्वच्छ आहेत. आत्याच्या नमुन्यात आहेत. रसात सापडले, अगदी तेच."

"आक्काला ताप नाही," नाना म्हणाले.

"नाही."

"साधी शिंकसुद्धा नाही."

"नाही. काही माणसांच्या अंगात तो असाच राहतो, काका. पित्ताशयात. तिथे खडे असले तर त्यांना धरून बसतो. त्या माणसाला काहीच होत नाही. त्याच्या हातून मात्र..."

"ती कोपरापर्यंत हात धुते! साबणाने! तुझ्यापेक्षा जास्त!"

"माहीत आहे. नखांच्या खाली एवढासा राहिला तरी पुरतो. एरवी महिन्यातून एकदा घोटभर रस, ताजा पिळलेला. क्वचित कुणाला बाधला असेल, आपण पाण्याच्या नावावर खपवलं असेल. आता रोज निघतो आणि बाटलीत भरून दिवसभर उकाड्यात फिरतो. आणि तो उकळतही नाही आपण."

तो उकळायचा नाही हा या घराचाच नियम होता. मास्तरीणबाईंच्या सासऱ्यांनी, म्हणजे याच चर्चच्या पहिल्या पाळकांनी, वाइन बंद करून मनुकांचा रस सुरू केला. पहिल्यांदा तो उकळून दिला तेव्हा पुढच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्याने 'हा काढा कुणासाठी?' असं मोठ्याने विचारलं आणि अख्खी मंडळी हसली. सासरे हसले नाहीत. त्या दिवसापासून रसाला विस्तव लागला नाही. रात्रभर भिजवायच्या, हाताने पिळायच्या, कापडातून गाळायच्या. घरातल्या बाईनेच पिळायच्या. मास्तरीणबाई सून होऊन आल्या तेव्हा त्यांना वाटलं होतं, आता हे काम आपलं. आक्कांनी पातेलं जवळ ओढून म्हटलं होतं, "तू शाळेतली पोरं सांभाळ, मास्तरीण. हे माझं आहे." त्या पातेल्याला त्यांनी त्यानंतर कधी बोट लावलं नव्हतं.

"ठीक आहे," पाळकसाहेब एकदम म्हणाले. प्रवचनाच्या वेळी असतो तसा स्वच्छ आवाज. "उद्या प्याला नाही. मनुका खराब निघाल्या म्हणून सांगू. आक्काला काही दिवस कुठेतरी हवापालटाला पाठवू. औषध असेल ना यावर?"

"आहे. बरेच दिवस घ्यावं लागेल. कदाचित पित्ताशय काढावं लागेल. पण बाबा..."

"मग झालं. तिला कळायची गरज नाही. कुणालाच नाही."

"दादा म्हणतो ते बरोबर आहे," नाना लगेच म्हणाले. आयुष्यात एकदाही दोघा भावांचं पहिल्या फटक्यात जमलेलं मास्तरीणबाईंनी पाहिलं नव्हतं. ऑर्गन किती मोठ्याने वाजवायचा यावरून दर रविवारी जुंपायची. "तिला हे सांगणं म्हणजे तिला मारणंच आहे. आम्हाला आई कुठे आठवते? आम्हाला आक्काच आठवते."

"काका, मला खात्यात कळवायलाच लागेल. गेल्या काही आठवड्यांत ज्यांनी ज्यांनी रस घेतला त्या सगळ्यांवर लक्ष ठेवायचंय. घरोघर जाऊन सांगावं लागेल, ताप आला तर अंगावर काढू नका. लवकर औषध मिळालं तर माणूस वाचतो. आपण लपवलं तर..." ती थांबली. "काका? काय झालं?"

नानांचा चेहरा पांढरा पडला होता.

"मी नेतो," ते म्हणाले. "दवाखान्यात. छोट्या बाटलीतून. नर्सला कळू न देता. धाकटीला रोज दोन घोट. आज सकाळीसुद्धा दिला. तिला बरं वाटतं म्हणते."

"तिचं औषध चालू आहे, काका. तिला त्याने..."

"शेजारच्या खाटेवरच्या बाईलाही दिला. तिचा पाय मोडलाय. तिला ताप नव्हता गं. ती म्हणाली, 'मलाही द्या तुमच्या देवाचं.' मग तिच्या पलीकडच्या..." त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "मी सगळ्यांना दिला. मला वाटलं, पुण्य लागेल."

मनीने फोन उचलला आणि दवाखान्याचा नंबर लावत बाहेरच्या खोलीत गेली. पाळकसाहेब तिला थांबवायला उठले नाहीत. ते टेबलाच्या कडेकडे बघत होते. ती परत आली तेव्हा त्यांनी अगदी हळू विचारलं, "मनी, हे अंगात किती वर्षं राहू शकतं?"

नवरा कुठे पोहोचला ते मास्तरीणबाईंना कळलं. मनीला मात्र कळलं नाही.

"जन्मभरही राहू शकतं," ती म्हणाली. "आत्याला तो मोठा ताप आला होता, तो टायफॉइडच होता का? लहानपणी?"

या घरात ती गोष्ट प्रत्येक वाढदिवसाला सांगितली जायची. आक्का शाळेत जाणारी मुलगी असताना घरात मोठा ताप आला. आई त्यात गेली. आक्का वाचली, डोक्यावरचे सगळे केस गेले पण वाचली, आणि उठल्या दिवसापासून तिने चूल हातात घेतली. भावंडांना आपल्या हाताने कालवून भरवलं. वर्ष उलटतंय तोच तो ताप पुन्हा आला आणि या वेळी त्याने मधल्या बहिणीला आणि तिच्यापेक्षा लहान असलेल्या भावाला धरलं. मधली गेली. भाऊ जाणार असं डॉक्टर सांगून गेले तेव्हा आक्काने चर्चच्या थंड फरशीवर पडून देवाला शब्द दिला, याला परत दे, याला तुझ्याच कामाला देते. तो भाऊ म्हणजे आता टेबलाच्या कडेकडे बघत बसलेले पाळकसाहेब.

'आक्काने देवाशी भांडून मला परत आणलं,' असं ते दर वर्षी व्यासपीठावरून सांगत. लोक डोळे पुसत.

"बाबा?" मनी म्हणाली.

"काही नाही," ते म्हणाले. त्यांचे ओठ हलत होते, प्रार्थना करताना हलतात तसे, पण शब्द फुटत नव्हता.

"तिला सांगा तरी कुणीतरी!" नाना ओरडले. घटकेपूर्वी लपवायचं म्हणणारे तेच नाना. "ती तिथे गाणी म्हणतेय! माझी बायको दवाखान्यात पडलीय आणि ही गाणी म्हणतेय!"

"नाना, आवाज खाली," मास्तरीणबाई म्हणाल्या. वर्गात म्हणत तशाच. नाना गप्प बसले. "मनी, खात्याचा माणूस कधी येईल?"

"संध्याकाळपर्यंत."

"मग आधी त्यांना कळायला हवं. परक्या माणसाने दारात उभं राहून सांगायचं का? अहो, तुम्ही चला."

पाळकसाहेबांनी मान हलवली. नकारार्थी. जन्मभर दुसऱ्यांच्या घरी वाईट बातम्या पोहोचवणारा माणूस स्वतःच्या अंगणाच्या पलीकडे जायला तयार नव्हता. नाना भिंतीकडे तोंड करून उभे होते. मास्तरीणबाईंनी दोघांकडे पाहिलं, पदराने घाम पुसला आणि त्या एकट्याच निघाल्या.

स्वयंपाकघरात मनुकांचा गोडसर, किंचित आंबूस वास भरला होता. ओट्यावर गाळलेल्या रसाच्या काचेच्या बरण्या ओळीने मांडलेल्या होत्या आणि त्यांच्यातून ऊन आरपार जात होतं, तांबूस. आक्का मोठ्या पातेल्यात मनगटापर्यंत हात घालून पिळत होत्या.

"ये गं मास्तरीण. खिडकी का लावलीत? माझं गाणं सोसवत नसेल तर तसं सांगावं."

"आक्का, हात बाहेर काढा."

"अजून एक पातेलं राहिलंय. मंडळीचे चिटणीस सांगून गेले, उद्या बाकं पुरायची नाहीत. त्यांना म्हटलं, तुम्ही उभे राहा, एक बाक वाचेल."

"आक्का, हात काढा."

आक्कांनी वर पाहिलं. "कोण गेलं? धाकटी?"

"नाही. धाकटी आहे."

"मग?"

मास्तरीणबाईंनी मुलांना अवघड गणित समजावताना वापरायची ती पद्धत वापरली: एकावेळी एकच पायरी, घाई नाही. रसात काय सापडलं. मग नमुने. मग पित्ताशय. आक्का ऐकत होत्या. हात पातेल्यातच होते, पण आता हलत नव्हते.

"काहीतरी घोटाळा झालाय तिचा," त्या शेवटी म्हणाल्या. "मला ताप नाही. अंग दुखत नाही. एवढ्या आजाऱ्यांत झोपते, मला काही होत नाही."

"म्हणूनच, आक्का."

"म्हणूनच काय?"

"म्हणूनच तुम्हाला काही होत नाही. तो तुमचा आधीचाच आहे. लहानपणचा."

आक्कांनी हात सावकाश बाहेर काढले. बोटांना मनुकांची सालं चिकटली होती, त्यांतून रस ओघळत होता. त्यांनी ते हात अंगापासून दूर धरले. कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. ओट्याला लागू नयेत, पदराला लागू नयेत, अशा धडपडीत त्या एक पाऊल मागे सरकल्या.

"दर्जीणीचा पोरगा," त्या म्हणाल्या. "खाटा उचलायला यायचा. धडधाकट. मीच म्हटलं त्याला, 'घे रे, दमलास.' गोड लागतो म्हणून दोनदा घ्यायचा."

मास्तरीणबाईंनी पातेलं त्यांच्यापासून दूर सरकवलं.

"बाबूला बोलव," आक्का म्हणाल्या.

पाळकसाहेब आले, मागे मनी, आणि सगळ्यात शेवटी नाना, दारातच थबकलेले. आक्का अजून तशाच उभ्या होत्या, हात पुढे धरून. मनीने नळ सोडला, त्यांच्या हातावर साबण ओतला. आक्कांनी ते लहान मुलासारखे तिच्या हवाली केले. पाणी वाहत असताना त्यांनी भावाकडे मान वळवली.

"बाबू, मधली?"

मनी त्यांची नखं घासायची थांबली.

"आई गेल्यावर मीच भरवत होते तुम्हाला. मधलीला चमच्याने आवडायचं नाही. माझ्या हातचाच घास लागायचा." त्यांचा आवाज अगदी सरळ होता. "मला ठेवलं ना रे देवाने? सगळे म्हणायचे, हिला कशासाठी तरी ठेवलंय. कशासाठी ठेवलं होतं?"

प्रत्येक खाटेशी उभं राहून त्या त्या माणसाला पुरेल एवढा शब्द देणारे पाळकसाहेब बहिणीसमोर नुसते उभे होते.

"आत्या," मनी म्हणाली, "मधल्या आत्याचं आता कुणालाच कळणार नाही. पाण्यातूनही आला असेल. तेव्हा सगळीकडेच होता."

"किंवा माझ्यातून."

मनीने नळ बंद केला. "किंवा तुझ्यातून. हो."

"बरं झालं," आक्का म्हणाल्या. "माझी समजूत घालायला गेली नाहीस." त्यांनी ओले हात हवेतच धरून ठेवले. मग, "नाना, तू का रडतोयस? तुझी बायको जिवंत आहे ना?"

"आहे."

"मग तोंड धू आणि तिच्याकडे जा. आणि ती बाटली इथे आणून ठेव." त्यांनी बरण्यांच्या ओळीकडे पाहिलं. "याचं काय करायचं?"

"उकळून ओतून द्यायचं," मनी म्हणाली. "तू हात लावू नकोस."

"मी करते," मास्तरीणबाई म्हणाल्या.

त्यांनी गॅस पेटवला. पहिली बरणी पातेल्यात रिकामी केली. रस तापायला लागला तसा कडवट, औषधासारखा वास उठला. सासऱ्यांच्या त्या एका वेळेनंतर घराण्याच्या रसाला पहिल्यांदाच विस्तव लागत होता. आक्का कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून बघत होत्या.

"उद्या मी येणार," त्या म्हणाल्या. "माझ्या जागेवर बसणार."

"आक्का, गरज नाही. मी सांगेन काय ते," पाळकसाहेब म्हणाले. "तुझं नाव घेणार नाही. आमच्या घरातून, एवढंच म्हणेन."

"घरातून म्हणजे? लोक मास्तरीणीकडे बघतील. नाहीतर या पोरीकडे. मला तोंड आहे, बाबू."

सकाळी बाकं खरंच पुरली नाहीत. लोक भिंतींना टेकून, पायऱ्यांवर, खिडक्यांशी उभे होते. वेदीवर चांदीचा प्याला होता. पाळकसाहेबांनी तो उचलला आणि सवयीने दोन्ही हातांनी वर धरला, आणि मग, त्याच हातांनी, तो उपडा करून कापडावर ठेवला. चांदीचा आवाज फार मोठा नव्हता. तरी मागच्या भिंतीपर्यंत गेला असावा, कारण तिथली कुजबुज थांबली.

"आज प्याला नाही," ते म्हणाले. "आणि मी जे प्याले तुमच्या घरी आणले, त्यांच्यातून..." त्यांनी वेदीची कड धरली. "मी दारं उघडा म्हणालो होतो. मी..."

पुढचं वाक्य येईना. ऑर्गनवर नाना हात मांडीवर ठेवून बसले होते. चिटणीस उठून पाण्याचा ग्लास घेऊन धावले आणि अर्ध्या वाटेत, पाणी द्यावं की न द्यावं, असे थबकले.

पहिल्या बाकावरून आक्का उठल्या. मागे वळून लोकांकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"तो ताप माझ्यात आहे," त्या म्हणाल्या. "लहानपणापासून. मला माहीत नव्हतं. रस मी पिळत होते, त्यातून तुम्हाला गेला. ज्यांनी घेतलाय त्यांनी अंग तापलं की लगेच डॉक्टरकडे जायचं. दारात मनी उभी आहे, तिला विचारा. आणि विश्वास आहे म्हणून घरी बसू नका." त्यांना आणखी काही म्हणायचं होतं. "एवढंच."

तो क्षण मास्तरीणबाईंना पुढे कित्येक वर्षं नीट सांगता आला नाही. कुणी ओरडलं नाही. कुणी रडलंही नाही. माणसं नुसती बघत होती. अंगावर भिंत कोसळावी आणि लागलंय की नाही ते अजून कळू नये, तशी. मग तिसऱ्या बाकावरून दर्जीणबाई उठल्या. मधल्या वाटेने चालत पुढे आल्या. आक्कांसमोर उभ्या राहिल्या.

"त्याला तुम्हीच दिला होतात ना?" त्यांनी विचारलं. "आजारी पडायच्या आधी?"

"हो."

"आणि नंतर अंगही तुम्हीच पुसलंत."

"हो."

दर्जीणबाई तशाच बघत राहिल्या. या दोन उत्तरांपैकी कुठलं घरी न्यायचं ते जणू ठरत नव्हतं. मग त्या वळल्या आणि निघून गेल्या. दारातल्या लोकांनी त्यांना वाट दिली. त्यांच्यामागून आणखी काही जण उठले. पहिल्या बाकावर आक्कांच्या शेजारी बसलेल्या बाईने आपली पिशवी उचलली आणि ती हळूच पलीकडच्या बाकावर सरकली. आक्का खाली बसल्या. अख्ख्या बाकावर एकट्या.

मास्तरीणबाईंची जागा दुसऱ्या बाजूला होती. त्या उठल्या, वेदीसमोरून आडव्या गेल्या आणि आक्कांना लागून बसल्या. आक्कांनी हात मांडीवर उताणे ठेवले होते, एकमेकांपासून दूर. प्रार्थनेला जोडायचे तर त्यांना धीर होत नसावा. मास्तरीणबाईंनी त्यांतला जवळचा हात आपल्या हातात घेतला. तो ओला होता. उपासनेला येण्याआधी, कितव्यांदा कोण जाणे, आक्का पुन्हा धुऊन आल्या होत्या.

"सोड, मास्तरीण," त्या पुटपुटल्या. "तुला हात धुवावे लागतील."

"धुवीन मग," मास्तरीणबाई म्हणाल्या. "आत्ता गप्प बसा."